त्रुटीपेक्षा मौन महाग

सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी राहणारच, हे ग्राहकाने एव्हाना मान्य केले आहे. त्याचा संताप होतो तो तक्रारीला उत्तर न आल्यामुळे. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत हे मौन अधिक बोचते. मात्र त्याचे कारण केवळ बेपर्वाईत शोधणे पुरेसे नाही.

महाराष्ट्रातील शहरांत 'डेव्हलपर' हा शब्द उच्चारला, की प्रथम आठवतो तो बांधकाम व्यावसायिक. ताबा घेतल्यावर पहिल्याच पावसात गळणारी गच्ची, 'दोन दिवसांत माणूस पाठवतो' हे आश्वासन आणि त्यानंतर न उचलला जाणारा फोन हा अनुभव अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. संगणकाच्या दुनियेतही 'डेव्हलपर' आहेत आणि त्यांच्या ग्राहकांचा अनुभव फारसा निराळा नाही. फरक आहे तो कायद्याच्या संरक्षणाचा. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळला आणि तो निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने ३० दिवसांत, कोणतेही शुल्क न घेता, तो दूर केला पाहिजे. प्रकल्पाची स्थिती दर तिमाहीला जाहीर करण्याचे बंधनही त्याच्यावर आहे. म्हणजे दुरुस्ती आणि संवाद या दोन्ही गोष्टी कायद्याने कर्तव्य ठरवल्या.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र एक लांबलचक परवाना करार येतो. तो कोणी वाचत नाही, पण 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवावेच लागते. त्या करारातील मुख्य सूत्र बहुधा एकच असते: माल 'जसा आहे तसा' दिला आहे, तो निर्दोष असेल याची हमी नाही आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावर नाही. घराच्या बाबतीत असे वाक्य ग्राहकाने ऐकून घेतले नसते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते चार दशकांहून अधिक काळ निमूटपणे स्वीकारले गेले आहे.

अडकलेला ग्राहक

हा प्रश्न मोबाइलवरील खेळ किंवा छायाचित्रे सजवणाऱ्या अॅपपुरता असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु औषध दुकानातील बिले, गृहनिर्माण संस्थेचा हिशेब, शिकवणी वर्गाची फी, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, छोट्या कारखान्यातील पगारपत्रके ही कामे आज सॉफ्टवेअरवर चालतात. ती पुरवणाऱ्या कंपन्यांत काही मोठी नावे असली, तरी पाच-दहा माणसांच्या, एखाद्या सदनिकेतून चालणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत. त्या स्वस्त असतात, स्थानिक गरज ओळखून बदल करून देतात आणि सुरुवातीला मालक स्वतः फोन उचलतो. ग्राहक वाढले, की त्याच मालकाला फोन उचलणे अशक्य होते.

वस्तू व सेवा कराचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दरांच्या फेररचनेचा निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. मधे होते ते १९ दिवस. या अवधीत देशातील प्रत्येक बिलिंग सॉफ्टवेअरला नव्या दरांशी जुळवून घेणे भाग होते. जुना साठा नव्या दराने विकायचा, आधीच्या खरेदीवरील कराची वजावट जुन्या दराने दाखवायची, परत आलेल्या मालाचे बिल मूळ दराने करायचे, असे अनेक बारकावे त्यात होते. त्यातला एखादा जरी चुकला, तरी त्याचा परिणाम दुकानदाराच्या विवरणपत्रावर होतो. चूक सॉफ्टवेअरची असली, तरी नोटीस येते ती दुकानदाराच्या नावे.

अशा वेळी 'पटत नसेल तर दुसरे सॉफ्टवेअर घ्या' हा सल्ला देणे सोपे, अमलात आणणे अवघड. दहा वर्षांचे हिशेब, ग्राहकांची यादी, उधारीच्या नोंदी एका विशिष्ट रचनेत साठवलेल्या असतात. त्या बाहेर काढण्याची सोय अनेकदा नसते, असली तरी अर्धवट असते. नव्या प्रणालीवर कर्मचाऱ्यांना पुन्हा शिकवावे लागते. हा खर्च मूळ सॉफ्टवेअरच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. ग्राहक समाधानी असल्यामुळे टिकलेला नसतो. तो अडकलेला असतो. म्हणूनच त्याच्या तक्रारीत सामान्य ग्राहकाच्या नाराजीपेक्षा अधिक कडवटपणा उतरतो.

दुरुस्ती का रखडते?

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारासच बजावले होते, की चाचण्यांतून त्रुटी असल्याचे सिद्ध होते, नसल्याचे कधीच होत नाही. आयबीएमच्या महाकाय प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. एक दोष दुरुस्त करताना नवा दोष निर्माण होण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते, असे त्यांचे अनुमान होते. रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसे लावली, तर तो अधिकच रखडतो, हा त्यांचा सिद्धांत तर या व्यवसायात म्हणीसारखा वापरला जातो.

छोट्या कंपनीत या अडचणी दुणावतात. ग्राहकाच्या संगणकावर दिसणारी त्रुटी कंपनीच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता आली, तरच तिचे मूळ सापडते. ग्राहक सांगतो, 'प्रिंट येत नाही'. अभियंत्याला हवे असते ते वेगळेच: कोणती आवृत्ती, कोणता प्रिंटर, कोणते बिल, त्याआधी काय केले होते. ही माहिती मिळेपर्यंत चार फोन होतात आणि दोन्ही बाजूंचा संयम संपतो. शिवाय जुनी त्रुटी दुरुस्त केल्याने नवे पैसे मिळत नाहीत, नवी सोय दाखवली तर नवा ग्राहक मिळतो. महिन्याचे पगार भागवण्याची चिंता असलेल्या मालकाचा कल कुठे जाईल, हे सांगायला नको. दहा हजार ग्राहकांपैकी तिघांना भेडसावणारी त्रुटी यादीत खाली जाते आणि तिथेच राहते. हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा असेलच असे नाही. चुकीचे असते ते हा निर्णय त्या तिघांना न कळवणे.

दोन कंपन्या, दोन वाटा

संवादाने किती फरक पडतो, हे गेल्या दशकातील दोन घटनांवरून स्पष्ट होते. पहिली ब्रिटनमधील. गिल्डफर्ड येथील हॅलो गेम्स या मूठभर माणसांच्या कंपनीने 'नो मॅन्स स्काय' हा अंतराळ प्रवासाचा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आणला. गणिती सूत्रांतून निर्माण होणारे १८ अब्ज अब्जांहून अधिक ग्रह, ही त्याची ख्याती. कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांनी त्याआधीची अडीच वर्षे मुलाखतींतून ज्या शक्यता वर्णन केल्या होत्या, त्यांतील अनेक प्रत्यक्ष खेळात नव्हत्या. खेळ प्रसिद्ध होताच दोन खेळाडू आभासी विश्वात एकाच ठिकाणी पोहोचले, पण त्यांना एकमेक दिसले नाहीत. संतापाची लाट उसळली. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेपर्यंत तक्रारी गेल्या. संस्थेने नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीला दोषमुक्त केले, पण ग्राहकांच्या मनातील किल्मिष गेले नाही.

पहिल्या काही आठवड्यांत तांत्रिक दुरुस्त्या येत राहिल्या. मात्र दिलेल्या शब्दांचे काय, या प्रश्नावर कंपनीने जवळजवळ तीन महिने मौन पाळले. नोव्हेंबरच्या अखेरीस पहिली मोठी सुधारणा आली आणि त्यानंतर विनामूल्य सुधारणांचा ओघ सुरू झाला. अनेक खेळाडूंनी एकत्र खेळण्याची पूर्ण सोय जुलै २०१८ मध्ये आली. २०२० मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात आणि २०२२ मध्ये बाफ्टात सातत्याने विकसित होणाऱ्या खेळासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. बोलण्यापेक्षा करून दाखवणे महत्त्वाचे, अशी भूमिका मरे यांनी पुढे जाहीरपणे मांडली.

दुसरी घटना ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीची. प्रोग्रामरांना त्यांचे काम साठवण्याची सोय पुरवणारी गिटलॅब ही त्या वेळी तुलनेने लहान कंपनी होती. एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील विदा पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. राखीव प्रती घेण्याच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. त्यांतील एक तर कित्येक दिवस अपयशी ठरत होती आणि त्याची सूचना देणारे ईमेल कोणालाच मिळत नव्हते. घटनेच्या सहा तास आधी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, म्हणून कंपनी वाचली.

यानंतर कंपनीने जे केले, ते या व्यवसायात अभूतपूर्व होते. दुरुस्तीच्या कामाची टिपणे तिने जशीच्या तशी सर्वांसाठी खुली केली आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवरून थेट दाखवले. सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार टिप्पण्या आणि ७०० नवी खाती प्रभावित झाल्याचे तिने स्वतःच जाहीर केले. काही दिवसांनी सविस्तर अहवाल आला, त्यात चूक करणाऱ्याचा नावानिशी उल्लेख नव्हता. दोष व्यवस्थेचा मानला गेला. सहा तासांचे काम कायमचे गमावूनही ग्राहकांची प्रतिक्रिया बरीचशी सहानुभूतीची होती. हीच कंपनी ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी शेअर बाजारात दाखल झाली.

या दोन उदाहरणांतून कोणता निष्कर्ष काढायचा? हॅलो गेम्सचे मौन अखेर सार्थकी लागले, असे म्हणता येईल. पण तो खेळ होता. दोन वर्षे थांबण्याची चैन खेळाडूला परवडते. ज्याला २० तारखेपर्यंत विवरणपत्र भरायचे आहे, त्याला ती परवडत नाही. गिटलॅबचे ग्राहक दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बसणार होते. आपले काय गेले, काय उरले आणि केव्हा सुरू होणार, हे त्यांना तातडीने कळणे आवश्यक होते. जिथे ग्राहकाचा उदरनिर्वाह गुंतलेला असतो, तिथे माहिती हीच दुरुस्तीचा पहिला हप्ता असते.

मौन हा केवळ छोट्या कंपन्यांचा रोग आहे, असेही नाही. ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या सोनोस या नामांकित अमेरिकी कंपनीने मे २०२४ मध्ये नवे अॅप आणले. त्यात गजर लावण्यासारख्या साध्या सोयीही गायब होत्या. कंपनीच्या प्रमुखांचे जाहीर माफीपत्र आले ते जुलैच्या अखेरीस, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. मोठ्या कंपनीकडे असा धक्का पचवण्याइतका पैसा असतो. छोट्या कंपनीकडे असते ती फक्त ग्राहकांची सदिच्छा.

अधीरतेचे सोंग

संतप्त ग्राहकाच्या बाजूचा विचार करताना एका घटनेचा विसर पडू नये. 'एक्सझेड युटिल्स' हे फायली आटोपशीर करणारे छोटेसे सॉफ्टवेअर जगभरातील असंख्य लिनक्स संगणकांवर असते. ते कोणत्याही कंपनीचे नव्हते. एक माणूस ते फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी त्याच्यावर सारखा दबाव येऊ लागला: दुरुस्त्यांना उशीर का, उत्तरे का येत नाहीत, जमत नसेल तर दुसऱ्याला काम का देत नाही? प्रकृतीच्या अडचणींनी त्रस्त असलेल्या त्या माणसाने अखेर एका 'मदतनिसा'ला अधिकार दिले. त्या मदतनिसाने २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याने खोदकाम केले आणि २९ मार्च २०२४ रोजी हा कट उघडकीस आला.

तक्रारदारांची ती खाती बनावट होती, असे आता मानले जाते. नाराज ग्राहकाचे सोंग हेच तिथे शस्त्र होते. ते चालले, कारण अशी भाषा या क्षेत्रात नित्याची झाली आहे. 'नो मॅन्स स्काय' काही आठवडे पुढे ढकलला गेला, तेव्हा मरे यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. शिवीगाळ करणारा ग्राहक त्रुटी लवकर दुरुस्त करून घेत नाही. उत्तर देण्याची ज्याला थोडीफार इच्छा असते, त्यालाही तो गप्प करतो. छोट्या कंपनीत तक्रार वाचणारा आणि प्रोग्राम लिहिणारा बहुधा एकच माणूस असतो, हे विसरता कामा नये.

कायदा कुठे आहे?

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा ग्राहकाचा मुख्य आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात, विक्रीकराच्या संदर्भात, तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर ही 'वस्तू' असल्याचे म्हटले होते. २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. त्यानुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. ग्राहकाला आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते. एकतर्फी अटींच्या 'अनुचित करारा'विरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येते.

मात्र येथे एक मोठी मेख आहे. व्यापारी हेतूने खरेदी करणारा या कायद्याच्या व्याख्येत 'ग्राहक' ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी खरेदी करणाऱ्याला सवलत आहे. म्हणजे एकट्याने दुकान चालवणारा औषध विक्रेता दाद मागू शकेल, पण थोडा मोठा व्यापारी वा कारखानदार नाही. त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो आणि वीस-पंचवीस हजारांच्या सॉफ्टवेअरसाठी तो रस्ता कोणी धरत नाही.

युरोप या बाबतीत पुढे गेला आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष डिजिटल मालाची दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला. युरोपीय महासंघाचा सायबर रिझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला. सुरक्षेतील ज्या उणिवेचा गैरफायदा घेतला जात आहे, तिची पूर्वसूचना २४ तासांत देण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, तर उर्वरित तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून, असे त्याचे वेळापत्रक आहे. उत्पादनाला सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या विनामूल्य पुरवाव्या लागतील. तेथे माल विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही हे नियम पाळावे लागणार आहेत. एकच कंपनी युरोपीय ग्राहकाला पाच वर्षांची हमी देईल आणि नाशिकच्या ग्राहकाला 'जसे आहे तसे' देईल, हे चित्र फार काळ टिकणे योग्य नाही.

अर्थात कायद्याचा बडगा छोट्या कंपनीवर जसाच्या तसा उगारला, तर ती बंदच पडेल आणि ग्राहकाकडे त्रुटीयुक्त सॉफ्टवेअरही उरणार नाही. इमारतीची गळती आणि सॉफ्टवेअरमधील त्रुटी यांत फरक आहे. प्रत्येक बग ३० दिवसांत दुरुस्त करा, असा हुकूम काढणे हास्यास्पद ठरेल. परंतु प्रत्येक तक्रारीला ठराविक मुदतीत उत्तर द्या, असे सांगण्यात अव्यवहार्य काही नाही.

साध्या गोष्टी

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. तक्रार मिळाली, त्रुटी आमच्याकडेही दिसली, ती अमुक आवृत्तीत दुरुस्त होईल किंवा होणार नाही, ही तीन उत्तरे पुरेशी असतात. ज्ञात त्रुटींची यादी सर्वांना दिसेल अशी ठेवली, तर निम्मे फोन कमी होऊ शकतात. 'फॅक्टोरिओ' हा खेळ बनवणाऱ्या प्रागमधील व्यूब सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने २०१३ पासून अनेक वर्षे दर शुक्रवारी काय झाले, काय रखडले, हे लिहिले आणि ग्राहकांचा विश्वास कमावला. 'होणार नाही' हे उत्तर ग्राहकाला आवडत नाही, पण त्यावरून त्याला पुढचा निर्णय करता येतो. 'बघतो' या उत्तरावर कोणताच निर्णय करता येत नाही.

ग्राहकानेही खरेदीच्या वेळी किंमत आणि सोयी एवढेच पाहून भागणार नाही. वार्षिक देखभाल करारात उत्तराची मुदत लिहून घेणे, आपली माहिती सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढण्याची सोय आहे का ते पैसे देण्यापूर्वीच तपासणे आणि तक्रार करताना आवृत्ती, क्रम व पडद्यावरील संदेशाचे चित्र लेखी पाठवणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते. व्यापारी संघटनांनी आपल्या सदस्यांसाठी अशा कराराचा नमुना तयार केल्यास एकेकट्या दुकानदाराची घासाघीस टळेल.

घर घेणाऱ्यांचा आवाज कायद्यापर्यंत पोहोचायला अनेक वर्षे लागली. तोवर कित्येकांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली होती. सॉफ्टवेअरवर विसंबणाऱ्यांचे नुकसान तितके ठळक दिसत नाही. ते चुकलेल्या विवरणपत्रांत, पुन्हा लिहाव्या लागणाऱ्या हिशेबांत आणि वाया गेलेल्या संध्याकाळींत विखुरलेले असते. विखुरलेले असल्यामुळेच ते मोजले जात नाही, आणि मोजले जात नाही तोवर त्याचा जाब कोणी विचारणार नाही. तक्रारीला मुदतीत उत्तर मिळण्याचा हक्क लेखी करारात आणि नियमांत आणणे, ही त्या मोजणीची सुरुवात ठरेल.